दिवाळी फराळाच्या पोस्ट: शेवटच्या ऑर्डरपासून मागे मोजत केलेले नियोजन

घरगुती फराळ विकणाऱ्या व्यवसायांची फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरील पाने पाहिली, तर बहुतेक ठिकाणी एकच प्रकार आढळतो. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी पणत्यांचे तयार चित्र आणि शुभेच्छा, त्याआधी तीन-चार दिवस घाईघाईने काढलेला चिवड्याचा एखादा फोटो, आणि त्यापूर्वी कित्येक आठवडे शांतता. ज्या दिवशी शुभेच्छांची पोस्ट जाते, त्या दिवशी ग्राहकाच्या घरातले डबे भरलेले असतात. शुभेच्छा जरूर द्याव्यात, परंतु त्यांना नियोजन म्हणता येत नाही. पोस्टचे वेळापत्रक सणाच्या तारखेवरून ठरवू नये. शेवटची ऑर्डर कोणत्या दिवशी घ्यायची हे आधी ठरवावे आणि तेथून मागे मोजत यावे. ती शेवटची तारीख ठरते ती घरातल्या शेगड्या, हात आणि वाळवणाची जागा यांवरून. हे कसे करायचे, ते डोंबिवली किंवा कोथरूडसारख्या ठिकाणी दोन-तीन महिला मिळून चालवत असलेल्या फराळाच्या उद्योगाचे उदाहरण आणि २०२६ ची दिवाळी डोळ्यांसमोर ठेवून पाहू.

पंचांग आधी उघडावे

मागील वर्षीचे वेळापत्रक उचलून त्यावर नवे साल घालणे ही सर्वांत सोयीची आणि सर्वांत महागात पडणारी पद्धत आहे. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली आणि २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे. लक्ष्मीपूजन याच तीन वर्षांत १ नोव्हेंबर, २१ ऑक्टोबर आणि ८ नोव्हेंबर असे हलले आहे. २०२६ मधील ही मोठी उडी अधिक ज्येष्ठामुळे आहे. १७ मे ते १५ जून हा अधिकमास मध्ये आल्याने त्यानंतरचे सर्व सण पुढे सरकतात.

तारीख फोनमधील कॅलेंडरवरून न घेता आपल्या भागात वापरल्या जाणाऱ्या मराठी दिनदर्शिकेवरून घ्यावी. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी लक्ष्मीपूजन नेमके कोणत्या दिवशी, यावर देशभर दोन मते होती आणि महाराष्ट्रातील पंचांगांनी दिलेला दिवस उत्तरेकडील अनेक ठिकाणच्या दिवसाहून वेगळा होता. तयार चित्रे पुरवणारी संकेतस्थळे हा फरक पाळत नाहीत.

अधिकमासाचा आणखी एक उपयोग फराळवाल्यांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारशांचे वाण देण्याची रीत आहे आणि ते अनारसे तेहतीस हवे असतात. सुमारे पावणेतीन वर्षांतून एकदाच येणारी ही मागणी आहे. अनारशाचे तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवावे लागतात, सावलीत वाळवून दळावे लागतात आणि गूळ घातलेले पीठ काही दिवस मुरवावे लागते. म्हणून १७ मे रोजी सुरू होणाऱ्या महिन्याची पहिली पोस्ट एप्रिलच्या अखेरीस गेली पाहिजे. अधिकमास लागल्यावर पोस्ट टाकणाऱ्याला पहिला आठवडा पीठ मुरण्याची वाट पाहण्यात घालवावा लागतो.

शेगडीचे गणित

आता दिवाळीकडे येऊ. समजा, दोन शेगड्या आणि तीन माणसे यांच्या बळावर दिवसाला १२ किलो फराळ नीट, म्हणजे चकली करपू न देता आणि लाडू बसू न देता, तयार होतो. घटस्थापना रविवारी, ११ ऑक्टोबरला आहे. १२ ऑक्टोबरपासून ४ नोव्हेंबरपर्यंत काम करायचे, दसऱ्याचा २० ऑक्टोबर आणि मधले तीन रविवार सोडायचे, असे धरले तर कामाचे २० दिवस हाती येतात. म्हणजे एकूण २४० किलो. त्यातला दहावा भाग मोडतोड, चुकीचा हिशेब आणि ऐन वेळी दारात येणारे शेजारी यांच्यासाठी बाजूला ठेवावा. उरलेला २१६ किलो हाच विक्रीचा खरा आकडा आहे, आणि पोस्ट किती, कोणत्या व किती जोरकस असाव्यात हे त्याच्यावर ठरते. गतवर्षी २०० किलोंची विक्री केवळ जुन्या ग्राहकांतून झाली असेल, तर रोज एक पोस्ट टाकून नवे पाचशे लोक गोळा करणे म्हणजे स्वतःहून तक्रारी ओढवून घेणे आहे. अशा वेळी कमी पोस्ट टाकाव्यात आणि त्या जुन्या ग्राहकांपर्यंत आधी पोहोचवाव्यात.

परदेशी पार्सले वेगळी काढावीत. पहिल्या सहा दिवसांचा ७२ किलो माल त्यांच्यासाठी राखला, तर सोमवारी, १९ ऑक्टोबरला पार्सले निघू शकतात आणि प्रवास व सीमाशुल्क तपासणी यांसाठी जवळपास तीन आठवडे मिळतात. १२ ऑक्टोबरला कढई चढायची, तर भाजणी, सुके खोबरे, तूप आणि अनारशाचे पीठ यांची तयारी त्याआधी आठवडाभर सुरू होते. यावरून परदेशी ऑर्डर घेण्याचा शेवटचा दिवस ५ ऑक्टोबर ठरतो. स्थानिक ऑर्डरसाठी २४ ऑक्टोबर, किंवा त्याआधी माल संपेल तो दिवस. या दोन तारखा कागदावर लिहून स्वयंपाकघरातच लावाव्यात. बाकी सर्व तारखा त्यांच्यापासून मागे मोजायच्या आहेत.

मागे मोजताना येणाऱ्या अडचणी

५ ऑक्टोबरच्या आधीचे तीन आठवडे परदेशी ग्राहकांशी बोलण्याचे आहेत, आणि नेमके तेच आठवडे अवघड आहेत. १४ सप्टेंबरपासून २५ सप्टेंबरच्या अनंत चतुर्दशीपर्यंत घरात गणपती असतो, मोदकांच्या ऑर्डर चालू असतात आणि फोन हाती घ्यायला कोणी मोकळे नसते. त्यानंतर २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर पितृपक्ष आहे. या पंधरवड्यात अनेक घरांत नवी खरेदी टाळतात आणि दिवाळीच्या झगमगत्या चित्रांची पोस्ट तेव्हा अनेकांना खटकते.

यावर माझे मत असे आहे की पितृपक्षात गप्प बसू नये, पण स्वर बदलावा. त्या काळातील पोस्ट ही निव्वळ सूचना असावी. त्यात आकाशकंदील नसावा, सवलत नसावी, ‘त्वरा करा’ नसावे. शेवटची तारीख, पार्सल निघण्याचा दिवस आणि संपर्काची पद्धत एवढेच असावे. न्यू जर्सीत किंवा दुबईत राहणाऱ्या मुलाला फराळ पाठवू पाहणाऱ्या आईला त्या माहितीची गरज त्याच पंधरवड्यात असते, आणि ती न मिळाल्यास ती दुसरीकडे चौकशी करते. उदाहरणादाखल असा मजकूर चालेल:

‘दिवाळीच्या परदेशी पार्सलांसाठी ऑर्डर ५ ऑक्टोबरला बंद होतील. चकली, भाजक्या पोह्यांचा चिवडा, बेसन लाडू, शंकरपाळी आणि अनारसे उपलब्ध आहेत. पार्सले १९ ऑक्टोबरला निघतील. कृपया व्हॉट्सॲपवर देश, शहर आणि पदार्थांचे वजन कळवावे.’

पहिल्याच वाक्यात तारीख आहे, याकडे लक्ष द्यावे. इन्स्टाग्रामवर लांब मजकुराच्या सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात आणि उरलेला भाग वाचायला बोट लावावे लागते. ‘सण म्हटले की आठवणी आल्याच’ अशी सुरुवात केली, तर दिसणाऱ्या ओळी त्यातच संपतात आणि तारीख कोणाच्या नजरेस पडत नाही. यादीतला प्रत्येक पदार्थ प्रत्येक देशात जातोच असेही नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे खाद्यपदार्थांविषयीचे नियम विशेष कडक आहेत, त्यामुळे कुरिअरवाल्याशी बोलून देशवार यादी तयार झाल्याखेरीज ही पोस्ट पक्की करू नये.

स्थानिक ग्राहकांसाठीचा क्रम सोपा आहे. घटस्थापनेच्या संध्याकाळी पदार्थांची यादी, १५-१६ ऑक्टोबरच्या सुमारास एखाद्या पदार्थाची पद्धत दाखवणारी लहान चित्रफीत, दसऱ्याच्या शुभेच्छांतच शेवटच्या तारखेची आठवण, आणि २३ ऑक्टोबरला ‘उद्या ऑर्डर बंद’. माल आधीच संपला, तर शेवटची पोस्ट काढून टाकून त्या जागी ऑर्डर पूर्ण झाल्याचे स्पष्ट सांगावे. आठवड्याला दोन पोस्ट एवढे प्रमाण या आकाराच्या उद्योगाला पुरेसे आहे.

फोटो वर्षभर आधी काढायचे असतात

नियोजन फसण्याचे सर्वांत मोठे कारण मजकूर नसून फोटो हे आहे. सप्टेंबरमध्ये चकलीची पोस्ट हवी असते आणि चकली तर ऑक्टोबरमध्ये तळायची असते. मग इंटरनेटवरून कोणाचा तरी फोटो उचलला जातो. तो दुसऱ्याच्या मालकीचा असतो, शिवाय त्यातली चकली आपल्या चकलीसारखी नसते, आणि ग्राहकाला डबा उघडताच ते कळते.

यावर उपाय एकच आहे. या वर्षीचा फराळ करतानाच पुढच्या वर्षीचे फोटो काढावेत. त्यासाठी एका माणसाने कामाच्या दिवसांपैकी दोन सकाळी केवळ याच कामाला द्याव्यात. खिडकीतून बाजूने येणारा उजेड घ्यावा, वरचा पिवळा दिवा बंद करावा, आणि तयार पदार्थाच्या ताटाबरोबरच कृतीचेही फोटो घ्यावेत: सोऱ्यातून पडणारी चकली, कढईत जाळी धरणारा अनारसा, खसखशीवर थापलेले पीठ, लाडू वळणारे हात. तळण्याच्या चित्रफितीत कढईचा खरा आवाज ठेवावा. व्यावसायिक खात्यांना इन्स्टाग्रामवरील चित्रपटगीते सहसा वापरता येत नाहीत आणि परवाना नसलेले गाणे लावल्यास चित्रफितीचा आवाज बंद केला जाऊ शकतो, म्हणून तळणीच्या आवाजाइतके सुरक्षित काही नाही. चित्रे उभी घ्यावीत. जानेवारी २०२५ पासून इन्स्टाग्रामच्या प्रोफाईलवरील चौकटीही चौरस न राहता उभ्या झाल्या आहेत.

हाच नियम उन्हाळी कामालाही लागू आहे. कुरडया, सांडगे आणि पापड गच्चीवर वाळत असतानाचे दृश्य एप्रिल-मेमध्येच मिळते. विक्री मात्र पहिल्या पावसानंतर वाढते, आणि तेव्हा गच्चीवर पाणी साचलेले असते.

फोटोंना नावे द्यावीत. ‘चकली-सोऱ्या-ऑक्टो२०२५’ असे नाव असलेला फोटो सापडतो. फोनने दिलेल्या आकड्यांच्या नावाचा फोटो हजार फोटोंत हरवतो.

तक्ता

गूगल शीट्समध्ये एक साधा तक्ता पुरतो. त्यात दिनांक आणि वार, तिथी किंवा प्रसंग, पदार्थ, पोस्टचा हेतू, पूर्ण मजकूर, फोटोचे नाव, माध्यम, जबाबदार व्यक्ती आणि स्थिती असे रकाने असावेत. यांतला हेतूचा रकाना लोक रिकामा सोडतात, आणि माझ्या मते तोच सर्वांत उपयोगी आहे. ऑर्डर मिळवणे, शेवटची तारीख सांगणे, कामाची पद्धत दाखवून विश्वास वाढवणे, किंवा केवळ शुभेच्छा, यांपैकी एक काहीतरी तेथे लिहावे. सलग चार ओळींत ‘शुभेच्छा’ दिसू लागल्या, तर तक्ता भरलेला असूनही नियोजन झालेले नाही, हे लगेच समजते.

प्रसंगाच्या रकान्यात प्रत्येक दिनविशेष भरण्याचा मोह टाळावा. ६ डिसेंबर हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा महापरिनिर्वाण दिन आहे. त्या दिवशी अभिवादन असते, शुभेच्छा नसतात, आणि खाली चिवड्याचा दर तर मुळीच नसतो. शिवजयंती शासकीय पातळीवर १९ फेब्रुवारीला आणि अनेक ठिकाणी तिथीनुसार फाल्गुन वद्य तृतीयेलाही साजरी होते. कोणती धरायची हे आपल्या ग्राहकांना पाहून ठरवावे.

दर चित्रावर छापू नये. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारने खाद्यतेलांवरील आयात शुल्क वाढवले आणि दिवाळीच्या तोंडावर तेल महागले. त्यापूर्वी ज्यांनी दरांसह चित्रे करून ठेवली असतील, त्यांना ती सगळी नव्याने करावी लागली असतील किंवा जुन्या दराने तोटा सोसावा लागला असेल. दरपत्रक व्हॉट्सॲपवर वेगळे ठेवावे, किंवा फार तर पोस्टच्या मजकुरात लिहावे, कारण मजकूर नंतर बदलता येतो. अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक मात्र यादीच्या चित्रावर अवश्य असावा. तो बदलत नाही आणि अनोळखी ग्राहक तो पाहतो.

चित्रावरील मराठी अक्षरे डिझायनरने जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केली असतील, तर तोच मजकूर तेथून उचलून पोस्टमध्ये चिकटवल्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. मजकूर युनिकोडमध्ये तक्त्यातच टाइप करून ठेवावा आणि तेथूनच दोन्हीकडे न्यावा. शुद्धलेखन दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यावे. ज्याने लिहिले त्याला स्वतःची चूक दिसत नाही.

पोस्ट आधी लावून ठेवणे

फेसबुक आणि इन्स्टाग्राम या दोन्हींसाठी मेटा बिझनेस सूट हे साधन विनामूल्य आहे आणि त्यात पोस्टला दिवस व वेळ देऊन ठेवता येते. इन्स्टाग्रामच्या स्वतःच्या ॲपमध्येही व्यावसायिक खात्याला ही सोय असून तेथे ७५ दिवसांपर्यंतच पुढची तारीख देता येते. ८ नोव्हेंबरपासून ७५ दिवस मागे मोजले की २५ ऑगस्ट येतो. म्हणून ऑगस्टचा शेवटचा आठवडा, राखीपौर्णिमेच्या आसपासचा, हा पोस्ट चढवण्याचा आठवडा समजावा. गणपती बसण्यापूर्वी परदेशी ऑर्डरच्या पोस्ट जागेवर असल्या की सप्टेंबर मोदकांसाठी मोकळा राहतो.

पोस्टची वेळ ठरवताना अनुयायी कधी जागे असतात हे इन्स्टाग्राम सांगते, आणि त्याचा उपयोग करावा. तथापि त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की उत्तर द्यायला आपण कधी मोकळे असतो. सकाळी अकराला पोस्ट गेली आणि तेव्हा सगळ्यांचे हात पिठात असले, तर ‘किलोचा दर काय?’ या प्रश्नाला उत्तर संध्याकाळी मिळते. तोवर विचारणारी व्यक्ती दुसरीकडे ऑर्डर देऊन बसलेली असते. तळण दुपारी चारला आटोपत असेल, तर पोस्ट संध्याकाळी सात-साडेसातला लावावी आणि पुढचा तासभर एकाने फोनपाशी बसावे.

खरी ऑर्डर बहुधा व्हॉट्सॲपवरच पक्की होते, त्यामुळे पोस्टबरोबर तेथील उत्तरेही आधी लिहून ठेवावीत. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये झटपट उत्तरांची सोय आहे. तिरकी रेघ आणि ठरवलेला शब्द टाइप केला की पूर्ण मजकूर समोर येतो. दरपत्रक, पत्ता पाठवण्याचा नमुना, पैसे भरण्याची पद्धत, परदेशी पार्सलाचे नियम आणि ‘ऑर्डर बंद झाल्या आहेत’ अशी निदान पाच उत्तरे तयार हवीत. जुन्या ग्राहकांना ब्रॉडकास्ट यादीतून संदेश पाठवायचा असेल, तर तो ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो. यास्तव दर डब्यासोबत जाणाऱ्या चिठ्ठीत क्रमांक जतन करण्याची विनंती छापावी. स्टेटस चोवीस तासांनी नाहीसे होते. ते हाताने लावायचे धरून चालावे आणि त्यासाठी तक्त्यात वेगळी ओळ ठेवावी.

लावलेली पोस्ट थांबवण्याची तयारी

पोस्ट आधी लावून ठेवली की ती विसरली जाते, आणि धोका तेथेच असतो. ९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री रतन टाटा यांचे निधन झाले. नवरात्र सुरू होते, दसरा तीन दिवसांवर होता, आणि दुसऱ्या दिवशी राज्यात दुखवटा होता. अशा सकाळी ‘चला, धमाल करू या’ असा मजकूर आपोआप प्रसिद्ध झाला, तर ग्राहक यंत्राला दोष देत नाही. म्हणून रोज सकाळी त्या दिवशीची लागलेली पोस्ट उघडून पाहण्याचे काम एका व्यक्तीकडे नावानिशी द्यावे, आणि ती व्यक्ती आजारी असल्यास दुसरी कोण हेही ठरलेले असावे. खात्याचा पासवर्ड दोघींकडे असावा.

कारण दर वेळी दुःखद असेलच असे नाही. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांवरील शुल्कमाफी काढून घेतली आणि भारतीय टपाल खात्याने तिकडची बहुतेक पार्सले घेणे काही आठवडे थांबवले. नेमक्या त्या सुमारास ‘अमेरिकेला फराळ पाठवा’ ही आधी लावलेली पोस्ट जात राहिली, तर येणाऱ्या प्रत्येक चौकशीला नकार द्यावा लागतो. परदेशी पार्सलांच्या प्रत्येक पोस्टच्या आदल्या दिवशी कुरिअरवाल्याला एक फोन करावा आणि तशी नोंद तक्त्याच्या स्थितीच्या रकान्यात असावी.

भाऊबीज झाल्यावर

११ नोव्हेंबरला भाऊबीज आहे. त्यानंतरच्या आठवड्यात, आठवण ताजी असताना, प्रत्येक पोस्टसमोर आलेल्या चौकशा आणि पक्क्या झालेल्या ऑर्डर भराव्यात. पसंतीचे आकडे ॲप दाखवतेच, मात्र ‘कुठे पाहिले?’ हा प्रश्न ऑर्डर घेताना विचारलेला असेल तरच त्या पसंतीतून किती किलो विकले गेले हे कळते. तो प्रश्न व्हॉट्सॲपच्या पत्त्याच्या नमुन्यातच घालून ठेवावा. मग ज्या पोस्टना भरपूर पसंती मिळाली पण एकही ऑर्डर आली नाही, त्यांची संख्या पुढच्या वर्षी कमी करता येते. परत आलेली पार्सले आणि उरलेले किलो यांच्याही नोंदी याच तक्त्यात कराव्यात, म्हणजे पुढील वर्षी दिवसाला १२ किलो हा आकडा खरा होता की आशावादी, हे तपासता येते. त्याच बैठकीत तिळगुळाच्या पोस्टचे तक्ते उघडावेत. संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीलाच येते, आणि गुळाची पोळी कुरिअरने पाठवायची असेल तर तिचीही शेवटची तारीख आधी ठरवावी लागते.